भावजींचा चौथा नियम

पृथ्वी इतकी वर्षं एका बाजूला कलून उभी आहे आणि तरीही तिला कुणी खेळातून बाद केलेलं नाही, याचं मला एकच कारण दिसतं. तिच्या सामन्याला माझे भावजी कधी पंच म्हणून उभे नव्हते. ‘उभे’ म्हणण्यातही चूकच आहे म्हणा. भावजी पंच झाले की उभे राहतच नसत. ते जमिनीवर सरळ पालथे पडायचे, गाल मातीला टेकवायचे, एक डोळा मिटायचा आणि उघड्या डोळ्याने समोरच्या माणसाच्या पायाचा अंगठा बघत राहायचे. अंगातला सदरा पांढरा असो की इस्त्रीचा, बंगळूरची लाल माती त्याला लागायचीच. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, हा नवरा. कोल्हापुराहून मी मास्तरकीचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आले, तिथल्याच एका शाळेत लागले आणि लग्न होईपर्यंत सहा वर्षं त्यांच्या क्वार्टरमध्ये राहिले. त्या सहा वर्षांत मी या माणसावर जितकी हसले आणि जितकी चिडले तितकी पुढे संसारातसुद्धा नाही.

माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची त्यांना सवयच नव्हती. दारात कुणी आलं की नजर आधी पायांवर. कॉलनीत पोस्टमन बदलला तेव्हा त्यांनी घरात बातमी आणली ती अशी, “नवा माणूस टाचेवर भार देतो.” दिसायला कसा आहे म्हणून विचारलं तर ठाऊक नाही. एकदा बाजारात कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींची बायको समोरून हसली आणि भावजी तिच्या बाजूने खुशाल निघून गेले. बाई चिडली, घरी तक्रार आली. भावजी म्हणाले, “नव्या चपला घातल्या होत्या की हो त्यांनी. मी कसं ओळखणार?” हे सांगताना ते अगदी गंभीर होते. पुढे बिचाऱ्या सेक्रेटरींनी बायकोला सांगून ठेवलं, अण्णा दिसले की आधी हाक मार, मग हस. कॉलनीत सगळे त्यांना अण्णाच म्हणत.

भावजी निपाणीकडचे. घरात मराठी, दारात कानडी आणि चिडले की दोन्ही एकदम. शहराच्या बाहेर तेव्हा सरकारी कारखाने नुकते उभे राहत होते. त्यांतल्या एका यंत्रांच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग मापात आहे का बघायचं, केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवायचा, हे त्यांचं काम. आठ तास हे करून माणूस घरी आला की दमेल आणि गप्प बसेल, अशी लग्नाच्या वेळी अक्काची समजूत होती. ती पहिल्याच महिन्यात दूर झाली. घरी सत्यनारायण होता. भटजींनी कलश ठेवला, संकल्प सोडला आणि भावजी एकदम म्हणाले, “स्वल्प थांबा.” चौरंगाचा एक पाय जमिनीला टेकत नव्हता. मग कलश उतरवला, चौरंग उलटा केला, कागदाच्या घड्या करून पायाखाली घातल्या, उतरवलेलं सगळं पुन्हा मांडलं. भटजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी पुढची कथा इतक्या घाईत सांगितली की साधुवाण्याची होडी बुडाली कधी आणि वर आली कधी ते आम्हाला कळलंच नाही.

हॉटेलात गेलं की तेच. आमच्या घराजवळ डोशाचं एक छोटं हॉटेल होतं. भावजी बसायच्या आधी टेबलावर दोन्ही पंजे ठेवून ते हलवून बघत. हललं की खिशातलं बसचं तिकीट काढायचं, घडी घालायची, खाली वाकून पायाखाली सारायची आणि मगच कॉफी सांगायची. हॉटेलवाला हुशार. त्याने दर खेपेला त्यांना वेगळ्या टेबलावर बसवायला सुरुवात केली. दोन महिन्यांत त्याची सगळी टेबलं सरळ झाली. मग तो त्यांना कुठेही बसू देऊ लागला. भावजींच्या हे कधी लक्षात आलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही, कारण त्या दोन महिन्यांत आम्हाला चटणी जास्तीची मिळत असे.

माझ्या लग्नाच्या वेळी तर कपाळाला हात लावायची पाळी आली. वडील नव्हते, तेव्हा मुलगा पसंत करायचं काम भावजींकडे. हुबळीहून एक मुलगा बघायला आला. चांगला शिकलेला, बोलायला शांत. पोहे झाले, प्रश्न झाले, मंडळी उठली. ती गेल्यावर अक्काने विचारलं, “कसा वाटला?” भावजी म्हणाले, “मुलगा हुशार आहे. पण उठताना पुढं झोक जातो त्याचा. खुर्चीला हात लावला.” मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, “भावजी, मला नवरा हवाय, सर्कशीतला तारेवरचा माणूस नको.” ते माझ्या पायांकडे बघून म्हणाले, “मेव्हणीबाई, तुमची पसंती आहे असं दिसतंय. टाचा उचलल्यात तुम्ही.” त्याच मुलाशी माझं लग्न झालं. अजूनही तो उठताना खुर्चीला हात लावतो आणि प्रत्येक वेळी मला भावजी आठवतात.

पण हे सगळं वरवरचं झालं. भावजींना बंगळूरभर, निदान आमच्या कॉलनीभर, नाव मिळालं ते बुट्टीच्या खेळामुळे. कॉलनीच्या मधोमध एक मैदान होतं. मैदान आपलं म्हणायचं, नाहीतर नुसती उंचसखल लाल माती आणि भलत्याच ठिकाणी उगवलेली पाच झाडं. जाळी बांधून रिंग खेळावी तर एक झाड बरोबर मध्ये येई. तेव्हा आमच्या मराठी मंडळाने स्वतःचा एक खेळ काढला. पाचही झाडांना छातीच्या उंचीवर एकेक बुट्टी, म्हणजे वेताची टोपली, बांधली. रबरी रिंग पहिल्या झाडाच्या दिशेने फेकायची. ती पडेल तिथं कौलाची खापरी ठेवायची आणि खापरीच्या मागे उभं राहून पुढची फेक करायची. असं करत करत रिंग बुट्टीत गेली की दुसरं झाड. ज्याच्या पाच बुट्ट्या सगळ्यांत कमी फेकींत होतील तो जिंकला. दर गणपतीत पुरुषांचा एक आणि बायकांचा एक असे सामने व्हायचे. एकदा बायकांना चटक लागली ती अशी की सांजवात लावून जी ती पदर खोचून मैदानात.

खेळाचे सहा नियम होते, सायक्लोस्टाइल केलेल्या एका कागदावर. पहिल्या वर्षी लोक बुट्टीच्या जवळ आले की रिंग टाकायचेच नाहीत, अंग झोकून देऊन ती जवळजवळ बुट्टीत ठेवूनच यायचे. म्हणून चौथा नियम केला गेला. बुट्टीपासून पाच पावलांच्या आत असाल तर रिंग टाकल्यावर तोल सावरून खापरीच्या मागेच उभं राहायचं. तोल सावरायच्या आधी पाऊल पुढे पडलं तर ती फेक चूक. तोल स्वतःच्या पायांवर सावरायचा, झाड, भिंत, माणूस, कशाचाही आधार घ्यायचा नाही. बस, एवढाच नियम. बाकीच्यांनी तो वाचला आणि खेळायला गेले. भावजींनी वाचला आणि ते त्यातच राहिले.

तोल सावरला असं नेमकं कधी म्हणायचं? हा त्यांचा पहिला प्रश्न. माणूस टाकल्यावर थोडा हलणारच. मग किती हलला म्हणजे हलला? त्यांनी तोडगा काढला. फेक झाल्यावर खेळणाऱ्याने आहे तसंच उभं राहायचं, भावजी जमिनीवर पडल्या पडल्या एक पूर्ण श्वास घेणार आणि सोडताना म्हणणार, “सरी.” कानडीतलं ‘ठीक आहे’. ते ऐकल्यावरच हलायचं. कॉलनीत त्या काळात कुणीही कुठूनही उठताना आधी ‘सरी’ म्हणायची पद्धतच पडली होती. दुसरा प्रश्न पावलाचा. पाऊल म्हणजे पायाचा तळवा, की त्यावरची चप्पलही? मंडळाच्या अध्यक्षीणबाई, अंगाने भरभक्कम आणि आवाजाने त्याहून, त्यांची चप्पल एकदा रिंग टाकताना पायातून निसटून खापरीच्या पुढे जाऊन पडली. बाई स्वतः मागे होत्या, तोल पक्का. भावजींनी निकाल राखून ठेवला. तीन दिवस राखून ठेवला. ते जेवताना चपलेचा विचार करत, अंघोळीला जाताना चपलेचा विचार करत. चौथ्या दिवशी जाहीर केलं, “पाय आत असेल तेवढ्यापुरतीच चप्पल म्हणजे पाऊल. पाय बाहेर आला की ती नुसती वस्तू.” बाईंच्या निऱ्या पुढे गेल्या तेव्हा मात्र लगेच निकाल दिला, कापड म्हणजे पाऊल नव्हे. त्याच सुमारास सरकारने इंच काढून सेंटिमीटर आणले, तर हे गृहस्थ पाच पावलं पुन्हा मोजायला रविवारी सकाळी फीत घेऊन मैदानात गेले. नाश्त्याचे पोहे गार झाले आणि अक्काने ते मला खायला लावले.

आता अक्काबद्दल सांगायला हवं. लहानपणी तापात अक्काचा उजवा पाय गेला. गेला म्हणजे होता, पण दोन बोटं आखूड राहिला आणि त्यात जोर नव्हता. घरात ती भिंतीला, दाराला हात लावत फिरायची, बाहेर काठी घ्यायची. आमच्या अक्काला जन्मभर एका गोष्टीचा तिटकारा होता, लोकांच्या चांगुलपणाचा. कुठेही गेली की “असू दे, तू बैस.” हळदीकुंकवाला सगळ्या उठून गेल्या तरी हिचं कुंकू हिच्या खुर्चीपाशी. देवळात एका बाईने तर हिला पायरीवर बसवून सांगितलं होतं, “तुझ्या वाटच्या प्रदक्षिणा मी घालते हो.” अक्का हसून बसली आणि घरी येऊन तिने सबंध कोबी इतका बारीक चिरला की भाजीऐवजी कोशिंबीर करावी लागली.

आणि हिचा नेम असा की काय सांगू. स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या जागेवरून ती टोपलीत कांदे टाकायची, एकही बाहेर नाही. दोरीवर वाळत घालायचा पंचा ती अंगणाच्या या टोकावरून त्या टोकाला फेकायची आणि तो मध्यावर घडी घालून बसायचा. रिंगचा खेळ सुरू झाल्यावर मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला बुट्टी बांधून ती रोज टाकायची. दहात नऊ आत. पण टाकल्यावर सगळा भार डाव्या पायावरून पुढे यायचा आणि तिला एक पाऊल टाकावंच लागायचं. नाही टाकलं तर पडायची. काठी टेकली तर आधार झाला. म्हणजे चौथ्या नियमाने दोन्हीकडून वाट बंद. अक्काला बायकांच्या सामन्यात खेळायचं होतं. जिंकायचं वगैरे पुढचं. तिला त्या मैदानात बाकीच्यांसारखं उभं राहायचं होतं, आणि हे तिने जन्मात फक्त दोघांना सांगितलं, मला आणि भावजींना.

मी गप्प बसणारी नव्हे. मी सेक्रेटरींच्या कानावर घातलं. माणूस भला, त्याने गणपतीच्या आधीच्या सभेत लगेच मांडलं, “वहिनींपुरता नियम चार सैल करू या. कुणाची हरकत?” कुणाचीच नव्हती. अध्यक्षीणबाईंनी तर डोळ्याला पदर लावला. आणि कोपऱ्यातून भावजी उठले. म्हणाले, “माझी हरकत आहे.” पुढे म्हणाले, “नियम सैल करून खेळवलं तर तो खेळ नाही होत. तिला तसंच बसवून ठेवल्यासारखं होतं, फक्त मैदानात.” लोक एकमेकांकडे बघायला लागले. दगडाच्या काळजाचा माणूस, असं मागच्या रांगेत कुणीतरी म्हटलेलं मी स्वतः ऐकलं, आणि खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटलं. घरी येऊन मी त्यांना वाट्टेल ते बोलले. दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. अक्का मात्र शांत होती. ती म्हणाली, “तू कशाला नाक खुपसलंस? सवलत मी घेतलीच नसती. हे त्यांना ठाऊक आहे.”

मग सुरू झालं भावजींचं खरं वेड. वर्षभर चाललं ते. एका रविवारी सकाळी बघते तर भावजी उजव्या पायात काही नाही आणि डाव्या पायात चप्पल, चपलेखाली बांधलेली दोन बोटं जाडीची फळी, असे अंगणात फेऱ्या मारतायत. म्हटलं, हे काय? म्हणाले, “हिचा भार कुठं पडतो ते बघतोय की.” ते तसेच भाजी आणायला गेले. तसेच शेजारच्यांकडे पेपर वाचायला गेले. दुपारी दुधाचं भांडं आत नेताना पेरूच्या झाडाशी पडले, दुधासकट. अक्का दारातून बघत होती. ती म्हणाली, “आता कळलं का?” ते पडल्या जागेवरून म्हणाले, “कळलं. पण तू पडत नाहीस. तू कसं करतेस?” अक्का म्हणाली, “मी पाऊल टाकते. नाहीतर काठी.” भावजी तिथेच दुधात बसून राहिले. मला वाटलं लागलंबिगलं. ते काठीकडे बघत होते.

पुढच्या गणपतीआधीच्या सभेला ते घरातली तिपाई घेऊन गेले. सभा सेक्रेटरींच्या बसायच्या खोलीत होती, तिथलं टेबल होतंच. आधी त्यांनी टेबल हलवून दाखवलं. ते डुगडुगलं. मग तिपाई बाहेरच्या उंचसखल जमिनीवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून दाखवली. ती कुठेच हलली नाही. “चार पायांची वस्तू डगमगते. तीन पायांची कधीच नाही. हे मी नाही म्हणत, कारखान्यातलं कुणीही सांगेल. आता नियम काढा. तोल स्वतःच्या पायांवर सावरावा, असं लिहिलंय. पाय किती असावेत ते कुठं लिहिलंय?” सेक्रेटरींनी कागद खालीवर वाचला. लिहिलेलं नव्हतं. “काठी हा तिचा आधार नव्हे. आधार कधीतरी घ्यायचा असतो. ही तिच्यासोबत रोज उठते, रोज चालते. काठी म्हणजे तिचा पाय आहे. आणि पाय आहे म्हणजे पायाचे सगळे नियम काठीला लागू. काठीचं टोक खापरीच्या पुढे गेलं तर चूक. कसलीही सवलत नाही.”

अध्यक्षीणबाईंनी लगेच विचारलं, “मग मीही काठी आणली तर?” भावजी म्हणाले, “आणा की. नाही कोण म्हणतंय? पण मग तीन पाय सांभाळा.” बाईंनी खरोखर यजमानांची काठी आणली आणि सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी सहा चुका करून परत नेऊन ठेवली. नियमाचा अर्थ एकमताने मंजूर झाला. घरी येऊन भावजींनी अक्काला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं ठेवलं नाही की वर बघितलं नाही. फक्त विचारलं, “टोक पुढे गेलं तर चूक देणार?” ते म्हणाले, “देणार.” ती म्हणाली, “बरं.” त्या दिवशीच्या पोळ्या मी मोजल्या नाहीत, पण आम्हा तिघांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरल्या.

सामन्याच्या दिवशी अक्का नऊवारी नेसली, तिने काठीला खाली नवं रबर बसवलं आणि ती मैदानात गेली. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या त्या दयेच्या होत्या, मला ओळखता येतात तशा टाळ्या. पहिली बुट्टी तिने दोन फेकींत केली. टाळ्या थांबल्या. दुसरी दोनच फेकींत केली तेव्हा अध्यक्षीणबाईंनी पदर नीट खोचला. शेजारपाजारचे कानडी लोकही येऊन उभे राहिले. प्रत्येक फेकीनंतर अक्का दोन पाय आणि एक काठी अशी ताठ उभी, आणि खाली लाल मातीत पालथे भावजी श्वास घेतायत, सोडतायत, “सरी.” बायकोला वेगळा श्वास नव्हता. उलट मला तर तो जरा लांबच वाटला. मी ओरडायच्या बेतात होते, पण मास्तरीण म्हणून गप्प राहिले.

चार झाडं झाली तेव्हा अक्का आणि अध्यक्षीणबाई बरोबरीत. शेवटच्या झाडाशी बाईंना तीन फेकी लागल्या. अक्काची दुसरी फेक बुट्टीपासून चार पावलांवर पडली. तिसरी आत गेली तर बरोबरी राहणार होती आणि मग पुन्हा एक झाड. न गेली तर हार. भावजी खापरीपाशी पडले. अक्काने काठी रोवली, मागे वळून कुणाकडे बघितलं नाही, आणि रिंग टाकली. रिंग बुट्टीच्या काठालाही लागली नाही, सरळ आत. सगळं मैदान उसळलं. मी उडी मारली. तेवढ्यात जमिनीवरून आवाज आला, “चूक. काठी पुढं.”

सेक्रेटरी धावत आले, खाली वाकले आणि हळू म्हणाले, “अण्णा, असू दे हो. एवढ्याशाने काय होतंय.” आणि मग जे झालं ते त्या कॉलनीने आधी कधी बघितलं नव्हतं. अक्का गर्रकन वळली आणि सेक्रेटरींना म्हणाली, “तुम्ही मध्ये पडू नका. असू दे काय? चूक असेल तर चूक. पण चूक नाहीये.” मग नवऱ्याकडे, “टोक मागे होतं. खापरीला टेकून होतं, पुढे नव्हतं.” भावजी उठून बसले. म्हणाले, “पुढं होतं. मी बघितलं.” “तुमचा डोळा मातीत होता.” “मातीत होता म्हणूनच बघितलं.” पाव तास हे चाललं. अक्का खाली बसली, तिने बोटाने काठीची खूण दाखवली. खूण वळताना पुसली गेली होती. तिने भर मैदानात, शंभर लोकांसमोर, आवाज चढवून भांडण केलं. तिचे गाल लाल, पदर खांद्यावरून सरकलेला. सगळी कॉलनी हिच्या बाजूने, पण हिला कुणाची बाजू नकोच होती. तिला फक्त पंचाशी भांडायचं होतं. निकाल फिरला नाही. अक्का एका फेकीने हरली आणि पितळी डबा अध्यक्षीणबाईंना मिळाला.

घरी येताना मी भावजींवर धुमसत होते. म्हटलं, आता हिच्या डोळ्यांतलं पाणी बघवणार नाही. घरात आल्यावर बघते तर बाई गुणगुणतेय. कुकर नव्हता तेव्हा, डाळ चुलीवर चढवता चढवता ती म्हणाली, “अहो, तुम्ही कुठल्या बाजूने पडला होतात? डावीकडून? डावीकडून खापरीचा पुढचा काठ दिसतच नाही.” भावजी हात धुवायचे थांबले. “दिसतो की.” आणि पुन्हा सुरू. आमटी खाताना तेच, अंथरुणं घालताना तेच. मी झोपले तरी पलीकडच्या खोलीत खापरीवर बोलणं चालूच होतं. मला तेव्हा कळलं की मी या दोघांमध्ये उगाच वर्षभर चिडत आले.

ते भांडण मिटलंच नाही. माझं लग्न झालं, मी हुबळीला गेले, मुलं झाली. दर दिवाळीत बंगळूरला गेलं की पहिल्या रात्री जेवणात खापरी निघायची. भावजी ताटातल्या मिठाने मैदान काढायचे, अक्का शेंगदाणा ठेवून खापरी दाखवायची. आलेल्या पाहुण्यांना दोघंही आपापली बाजू सांगून निकाल मागायचे. आमचे हे एकदा भावजींच्या बाजूने बोलले तर अक्काने त्यांना दोन दिवस सुपारी दिली नाही. अक्का पुढे चार वर्षं खेळली, दोनदा जिंकली. दोन्ही वेळा पंच भावजीच होते आणि त्यांनी तिला दोन्ही सामन्यांत एकेक चूक दिली. पण त्या चुका कुणाला आठवत नाहीत. भांडण कायम पहिल्या चुकीचंच.

भावजी नोकरीत असतानाच गेले. सकाळी बसच्या रांगेत उभे होते, बसले, आणि उठलेच नाहीत. मी दुपारच्या गाडीने पोचले. दिवस झाले, माणसं पांगली. अक्का आणि मी मागच्या अंगणात बसलो होतो. लोक चांगले असतात हो, सगळे येऊन तिला सांगून गेले होते की अक्का, आता काही करायचं नाही, तू फक्त बैस. ती हं म्हणत होती. खूप वेळाने, मी काही विचारलं नसताना ती म्हणाली, “काठी पुढे होती त्या दिवशी.”

तिने मातीत बोट टेकून अंतर दाखवलं. “चांगली बोटभर पुढे होती. टाकतानाच मला कळलं होतं. त्यांनी सांगायच्या आधी कळलं होतं.”

“मग एवढी वर्षं कबूल का नाही केलंस?”

अक्काने काठीवर हात ठेवला. डोळे भरले होते, पण ती हसत होती. म्हणाली, “अगं, माझी चूक काढणारा जगात एकच माणूस मिळाला मला. कबूल केलं असतं तर एका दिवसात संपलं असतं की.”